बावीस घरांची दाद

आमच्या स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये आइसक्रीमचे रिकामे डबे साठले आहेत. प्रेस म्हणजे कपाट. आयर्लंडमध्ये काही वर्षं काढली की आपणही तसंच म्हणायला लागतो. त्यातला एकही डबा कुणी मुद्दाम ठेवलेला नाही, पण टाकायला घेतला की वाटतं, राहू दे, कामाला येईल. आमच्या रविवारच्या ग्रुपचे किस्से असेच साठलेत. बरेचसे हसण्यावारी नेण्यासारखे आहेत. एक नाही.

2020 च्या हिवाळ्याच्या तोंडावर कोरोनामुळे घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला पुन्हा बंदी आली. मी डब्लिनच्या एका टोकाला सँट्रीत, मिलिंद दुसऱ्या टोकाला ॲडम्सटाउनला, शलाका पीएचडीसाठी पार पश्चिमेला गॉलवेत. भेटणं बंद! मिलिंद पूर्वी दोन वर्षं अमेरिकेत होता आणि येताना ब्लूज, कंट्री, बँजो असलं सगळं गाण्याबजावण्याचं वेड घेऊन आला होता. त्यानं टूम काढली: दर रविवारी संध्याकाळी सात वाजता व्हिडिओ कॉल, आणि दर वेळी एकानं अमेरिकेतल्या अशा एका कलाकाराची ओळख करून द्यायची. मराठीत!

शलाकानं एकच नियम घातला. "कलाकार जिवंत पाहिजे. आपल्याकडे माणूस गेला की मगच त्याच्यावर लेख येतो. आपण तो असतानाच कौतुक करू."

आम्ही लगेच हो म्हणालो. नियम फारच सोपा वाटला होता.

*

पहिली ओळख माझी. टेनेसीतल्या एका कंट्री गायिकेची. मी पडलो प्रोजेक्ट मॅनेजर! अठरा स्लाइड्स केल्या. बालपण, करिअर, आव्हानं, शेवटी 'की टेकअवेज'. पाऊण तास बोललो आणि "एनी क्वेश्चन्स?" म्हणून थांबलो.

मिलिंदची आई त्याच्या मागे सोफ्यावर बसली होती. नागपूरकडून तीन महिन्यांसाठी आलेल्या, विमानं बंद झाली आणि इथंच अडकल्या. त्यांनी शाळेतल्यासारखा हात वर केला.

"बाबू, ते बाई गाते म्हनला ना तू? मंग गाणं कधी हाय?"

गाणं लावायचं मी विसरलोच होतो!

*

शलाकाची गॉलवेची घरमालकीण मॉरीन, वय सत्तरच्या पुढे. शलाका किचनमध्ये एका म्हाताऱ्या ब्लूज गायकाचा व्हिडिओ ऐकत होती. मॉरीन चहाची किटली हातात धरून गाणं संपेपर्यंत तशीच उभी राहिली.

"गाणारा ग्रँड आहे गं," ती म्हणाली, "पण बिचाऱ्याला एवढं दुखावलं तरी कुणी?"

पुढे आठवडाभर ती रोज सकाळी चौकशी करायची, "तुझा तो माणूस आता बरा आहे का?"

*

तो माणूस म्हणजे हॉलिस. मिसिसिपीतल्या एका खेड्यातला, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. दर शनिवारी एका तळलेल्या माशांच्या हॉटेलात वाजवायचा. महामारीत ते हॉटेल बंद पडलं आणि त्याचं वाजवणंही. त्याच्या मुलीनं, डेनिसनं, फोनवर काढलेले दोन-तीन व्हिडिओ तेवढे इंटरनेटवर होते. शलाकानं ते आम्हाला ऐकवले, अर्थही सांगितला.

आईंना एक शंका आली. "एकच ओळ दोनदा काहून म्हनते हा?"

मिलिंद ब्लूजची रचना समजावून सांगायला लागला. बारा बारचं आवर्तन, तीन ओळी, पहिली ओळ पुन्हा... आईंनी त्याला मध्येच थांबवलं.

"तसं नाई बे. पयल्यांदा कोनी आयकलं नसन."

इतकी वर्षं मिलिंद ब्लूजवरची जाडजाड पुस्तकं वाचत होता!

*

शलाकानं डेनिसला ईमेल केली: हॉलिसकाकांची ओळख करून द्यायची आहे, त्याआधी ते आमच्यासाठी थोडं वाजवतील का? डेनिसचं उत्तर आलं. बाबा आनंदानं वाजवतील. त्यांनी एकच विचारलंय, "समोर माणसं असतील ना?"

माणसं? आम्ही बावीस घरं जमवली! डब्लिन, कॉर्क, गॉलवे, जो मराठी माणूस सापडेल तो. फेब्रुवारीतला रविवार. आमच्याकडे संध्याकाळचे सात, त्याच्याकडे भरदुपार. आणि मी, कॉलचा होस्ट, सगळ्यांना सूचना पाठवल्या. ठळक अक्षरांत! 'कृपया सर्वांनी म्यूटवर राहावे. कॅमेरे बंद ठेवावेत, म्हणजे आवाज अडखळणार नाही. कलाकाराचा आदर राखावा.'

मराठी माणसं शिस्तीची. एकानंही नियम मोडला नाही.

हॉलिस इस्त्रीचा शर्ट घालून, टाय लावून बसला होता. पहिलं गाणं झालं. मी माझ्या खोलीत "वा!" म्हणालो. मिलिंदकडे आईंनी मांडीवर थाप मारली. शलाकाच्या डोळ्यांत पाणी आलं. हॉलिसनं मान किंचित वाकडी केली, कानोसा घेतला आणि दुसरं गाणं सुरू केलं. मग तिसरं. त्याच्या गावातून जाणाऱ्या गाडीचं. गाडी रोज शिट्टी वाजवते, पण त्याच्या गावी थांबत नाही. माणूस पेटी भरून आयुष्यभर फलाटावर उभा. शेवटचा स्वर त्यानं लांबवला, विरू दिला, आणि थांबला.

त्याच्यासमोर बावीस काळे चौकोन होते.

"कुणी आहे का तिकडे?" त्यानं विचारलं.

मी घाईघाईनं अनम्यूट केलं आणि ऑफिसच्या इंग्रजीत म्हणालो, "येस सर, प्लीज कंटिन्यू."

"तू फार सभ्य माणूस आहेस, बाळा," तो म्हणाला. मग गिटार पेटीत ठेवली, दोन्ही खिट्ट्या लावल्या आणि उठून गेला.

मिलिंदचा लगेच फोन. "अबे, माणूस गाऊन रायला होता, अन् तू मीटिंग घेत होता!"

आजही त्या सूचना आठवल्या की मान खाली जाते.

*

शलाकाला युक्ती सुचली. "समीरदादा, त्या दिवशी ज्याच्या तोंडून जे निघालं, ते सगळ्यांनी रेकॉर्ड करून पाठवायचं. तू जोडून एक फाइल कर. त्यांना कळू दे तरी!"

बावीस घरांतून दाद आली. "वा!", "क्या बात है!", टाळ्या, नुसतेच सुस्कारे. मॉरीनसुद्धा आयरिश शाबासकी देत ओरडली होती, "गुड मॅन युअरसेल्फ!" आईंची दाद सगळ्यात मोठी, पण ती रेकॉर्ड करताना मिलिंदच्या बायकोनं कुकर लावला होता. आईंच्या "वा रे माह्या राजा!"वरच कुकरची शिट्टी. लांबलचक!

आता मी काय करावं? फाइल तशीच पाठवावी. पण माझा स्वभाव! मागचे आवाज पुसायला बसलो. कुणाच्या लॅपटॉपचा पंखा काढला, कुणाचं पोर, कुणाची दारावरची बेल. कुकरपाशी मात्र अडलो. शिट्टी पुसली की आई पुसल्या जायच्या, आई ठेवल्या की शिट्टी राहायची. आईंचा तुकडा मी फाइलच्या शेवटी जोडला, सावकाश बघू म्हणून.

मिलिंद रोज विचारायचा, "पाठवलं का बे?"

"दोन दिवस दे."

त्या दोन दिवसांचे तीन आठवडे झाले. मग डेनिसचा दोन ओळींचा मेसेज आला: बाबांना हॉस्पिटलमध्ये नेलंय, श्वास लागतोय. मी त्याच मिनिटाला फाइल पाठवली, होती तशी, कुकरसकट. आणि पुढचे बारा दिवस दर तासाला मेल उघडून बघत राहिलो. अख्ख्या जन्मात मी कुठल्या उत्तराची इतकी वाट पाहिली नाही.

*

उत्तर आलं. त्या रविवारी मी ते ग्रुपवर वाचून दाखवलं. कुणीही म्यूटवर नव्हतं.

डेनिसनं लिहिलं होतं: 'तुमची फाइल बाबांना ऐकवता आली नाही. आम्हाला आत सोडत नव्हते आणि नंतर ते शुद्धीवर आलेच नाहीत. दफनाला आम्ही नऊच जण होतो. गाणं म्हणायला परवानगी नव्हती. मग मी फोन शवपेटीवर ठेवला आणि त्यांचंच गाडीचं गाणं लावलं. ते संपल्यावर तुमची फाइल. टाळ्या सुरू झाल्या तेव्हा सगळ्यांनी वळून मागे पाहिलं, एवढी माणसं आली कुठून म्हणून.

'आणि एका गोष्टीसाठी तुमचे वेगळे आभार. शेवटी तुम्ही आठवणीनं गाडीची शिट्टी घातलीत. ती वाजली तशी माझी म्हातारी आत्या, बाबांची बहीण, खुर्चीतून उठून उभी राहिली. म्हणाली, "चल हॉलिस, आज थांबली बघ."'