बुडालेल्या वावरातले पाणटिवळे

करमाळ्याच्या स्टँडवर मला एसटीत बसवून देताना आप्पा, म्हणजे माझे वडील, एवढंच म्हणाले, "सोलापूर काय लई लांब न्हाय." शाळेत नोकरी लागली होती. आनंद व्हायला हवा होता. मला मात्र नेमकं काय होतंय तेच कळत नव्हतं.

त्याला अकरा वर्षं झाली. आता जुळे सोलापुरात फ्लॅट आहे, स्कूटी आहे, शेजारीपाजारी मला 'मॅडम' म्हणतात. आई गेल्यावर आप्पा गावात एकटे पडले. गेल्या फेब्रुवारीत मी त्यांना कायमचं आणायला गेले.

निघायच्या आधी ते मला धरणाच्या काठावर घेऊन गेले. आमचं जुनं गाव माझ्या जन्माआधीच पाण्याखाली गेलेलं. मी वाढले ती नव्या गावठाणात. पाणी ओसरलं होतं आणि उघड्या पडलेल्या चिखलात पक्षी चरत होते.

"त्यो चिखल्या बग. चोच आखूड, म्हणून पळत पळत वरवरचं टिपतोय. लाल पायांचा शेकाट्या पाण्यात हुबा ऱ्हातो, पाण्यावरचे किडे उचलतो. आन् ह्यो पाणटिवळा, लांब चोच पार मुळापतुर खुपसतोय. आत अळी लागली की चोचीच्या टोकालाच कळतंय त्येला. बगावं लागत न्हाय."

"एकाच चिखलात सगळे?"

"व्हय की. कुणाचं कुणाला आडत न्हाय." मग हात लांब करून म्हणाले, "त्यो पाणटिवळा हाय न्हवं, तितं आपली ज्वारी व्हायची."

ते वावर मी कधी पाहिलंच नव्हतं. तरी ती जागा मी नीट बघून ठेवली.

आप्पा आले. तीन आठवडे गॅलरीत खुर्ची टाकून बसले. एका सकाळी पिशवी घेऊन दारात उभे.

"कुठं निघालात?"

"घरी."

"आप्पा, आता हेच घर."

त्यांनी पिशवी खाली ठेवली. "आसंल बाई. मग तितलं काय हाय?"

तितलं म्हणजे धरणातलं की गावठाणातलं, हे मला विचारवलं नाही. दुसऱ्या दिवशी मीच त्यांना गावी सोडून आले. त्यांना घरी पोचवलं की एकटं टाकलं, अजून ठरत नाही.

मी परतीच्या गाडीत बसले तेव्हा आप्पा खिडकीखालून म्हणाले, "पोचलीस की फोन कर."

जुळे सोलापुरात कुलूप काढून मी फोन लावला.

"कुटं हाईस?"

"पोचले," मी म्हणाले. 'घरी' हा शब्द तोंडापर्यंत आला होता. आप्पाही पलीकडं थांबले होते, बहुधा त्याचीच वाट बघत.