आधी तुम्ही घ्या

"आधी तुम्ही घ्या, बाई." चहाचा कप माझ्या हातात देऊन आबा असं म्हणायचे आणि मी घोट घेईपर्यंत स्वतःचा कप खालीच ठेवायचे. सुरुवातीला मला हा पाहुणचार वाटला. मग उलगडा झाला. दुष्काळात गाय विकल्यापासून त्यांच्या घरी शहरातलं पिशवीचं दूध येत होतं, आणि शहरातून आलेल्या कुठल्याही वस्तूवर त्यांचा भरवसा नव्हता. थोडक्यात, आधी माझ्यावर प्रयोग व्हायचा.

मी तेव्हा बिडकीनजवळच्या त्यांच्या गावाची कृषी सहायक होते. असा म्हातारा तुम्हीही पाहिला असेल. एसटीत तिकीट घेतलं की ते उजेडात धरून बघणारा. पाऊस येणार असं मी सांगितलं की आबा विचारायचे, "कोण म्हंतंय? बियाणंवाला का?"

त्यांचा जीव मोसंबीच्या बागेत होता. ओळीनं दोन पावसाळे कोरडे गेले, विहीर आटली. आबांनी शेततळं खोदलं, पण टँकरचं पाणी त्यात जिरून जाई. तळ्यात प्लास्टिक अंथरलं तरच पाणी टिकणार होतं, आणि पाणी टिकलं तरच बाग वाचणार होती. प्लास्टिकसाठी सरकारी अनुदान होतं. अट एकच, तळ्याच्या काठावर उभ्या शेतकऱ्याचा फोटो, चेहऱ्यासकट. माझ्या मोबाइलवर काढलेल्या फोटोत जागेचा ठावठिकाणाही आपोआप उमटायचा.

आबा अडून बसले. शेजारची गावं औद्योगिक वसाहतीत गेली होती, आणि तिथंही आधी फोटो काढणारेच आले होते.

"सरकार फुकट काय देत नाय, बाई. आज फोटो घेतेत, उद्या जमीन घेतील."

"आबा, हा फोटो फक्त अनुदानासाठी आहे."

"तुमच्या हापिसातून म्होरं कुठं जातो त्यो?"

मला खरंच ठाऊक नव्हतं. तसं सांगितलं. आबा माझ्याकडे बघत राहिले. "हे खरं बोलल्या," म्हणाले, आत गेले आणि धुतलेली टोपी घालून आले.

तळ्यावर आधी ते पाठमोरे उभे राहिले. चेहरा लागतो म्हटल्यावर वळले, पण डोळे घट्ट मिटून. "तोंड घ्या. नजर देणार नाय." शेवटी तोच फोटो पाठवला. वरच्यांनी तो पाहिला की नाही देव जाणे, पण मंजूर झाला.

अनुदान खात्यात आलं तेव्हा आबांनी बँकेतून सगळी रक्कम काढली, तिथल्याच बाकड्यावर बसून नोटा चाचपल्या आणि परत भरल्या. कॅशियर वैतागला. "हाय का नाय ते बघितलं," आबा म्हणाले. मग तळ्यात प्लास्टिक पडलं आणि बाग वाचली. त्या बागेची मोसंबी मात्र ते बेधडक आधी स्वतः खायचे.

पुढच्या वर्षी शहराकडून येणाऱ्या रुंद रस्त्याच्या खुणा रोवल्या गेल्या, त्या नेमक्या तळ्यातून आणि बागेतून. आपल्या फोटोंचा याच्याशी काही संबंध आहे का, असं मी ऑफिसात विचारलं. साहेब हसले. रस्ता आधीच ठरला होता म्हणाले. कधी ठरला, ते मात्र कुणाला सांगता येईना. आबांचा संशय माझ्या अंगात शिरला तो तेव्हा, आणि अजून निघालेला नाही.

आता तिथून गाड्या भरधाव जातात. आबा लेकीकडे शहरात गेले आणि तिथंच वारले. शेवटपर्यंत पिशवीचंच दूध नशिबी आलं असेल, या विचारानं मला फार वाईट वाटतं.

आमची शेवटची भेट खुणा रोवल्यावरची. शिव्या खायच्या तयारीनंच मी गेले होते. आबांनी आत चहा सांगितला. चहा आला. मी कप धरून नुसती बसले. घोट काही घेववेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या कपातला थोडा चहा आपल्या बशीत ओतून घेतला आणि सावकाश पिऊन टाकला.

"घ्या, बाई," ते म्हणाले. "काय नाय त्यात."