अभिनव बोराटेचा फुकटचा डबा

दुसऱ्यांचं सॉफ्टवेअर का कोसळतं, हे शोधून काढण्याचा पगार अभिनव बोराटेला हिंजवडीत मिळायचा. अमेरिकेतल्या कुठल्याशा विमा कंपनीचं काही बंद पडलं, की हा बिबवेवाडीचा गडी इंग्रजीत इतकं लांबलचक कारण लिहून पाठवायचा की ते बिचारे वाचूनच गप्प बसायचे. आणि त्याच अभिनवच्या घरचा कॉम्प्युटर दर शनिवारी संध्याकाळी, लढाई ऐन रंगात आली की, मान टाकायचा.

गाणी वाजवा, पत्रं टाइप करा, लग्नाचे फोटो बघा, कसली तक्रार नाही. पण त्या नव्या युद्धाच्या गेममध्ये धूर, स्फोट आणि सैनिकांचा घोळका एकदम आला, की पडदा काळा आणि सगळं ठप्प. परत बटण दाबलं की पुन्हा आपला शहाण्यासारखा सुरू.

हा नुसता खेळ असता तर एक वेळ चाललं असतं. पण ऑफिसातल्या पाच जणांची टीम होती, घराघरातून इंटरनेटवर खेळणारी, आणि कंपन्या-कंपन्यांच्या स्पर्धेत उतरलेली. कप्तान राजनंदिनी, कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली. अडतिशीतल्या अभिनवला या पोरापोरींनी आपल्यात घेतलं, याचं त्याला प्रमोशनपेक्षा जास्त अप्रूप होतं. त्याच्या वयाचे लोक कॅन्टीनमध्ये गृहकर्ज आणि पित्त या दोनच विषयांवर बोलायचे. त्या टेबलावर परत जाण्याची त्याला खरोखर भीती वाटायची.

आता कॉम्प्युटर का मरतो, हे कोणीही सांगितलं असतं. पूर्वानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. ती बँकेत होती, तिला कॉम्प्युटरमधलं फारसं कळत नव्हतं. पण नवरा चांगला कळत होता.

"तो फुकटचा डबा बदलून बघ ना," ती म्हणाली.

"त्याचा काही संबंध नाही," अभिनव म्हणाला आणि त्यानं विंडोज नव्यानं टाकायला घेतलं.

या डब्याला एक इतिहास होता. अभिनवचे वडील कोंडीराम यांचा मार्केट यार्डात कांदा-बटाट्याचा गाळा. भाजीवर फुकट कढीपत्ता सगळेच मागतात. कोंडीराम टेम्पोभर मालावर एक गोणी मागायचे आणि घेऊन यायचे. भाव ठरला, माल चढला, पैसे दिले, की ते हात कमरेवर ठेवून विचारायचे, "वर काय?" पोरानं गाळ्यावर बसायचं सोडून एसीत बसून टकटक करावी, हे त्यांना कधी पटलं नाही. पहिला पगार, अमेरिकेची वारी, फ्लॅट, सगळ्यावर त्यांचं एकच उत्तर असे, "बरं."

दोन हजार सातच्या दिवाळीत अभिनवनं टिळक रस्त्यावरच्या एका दुकानातून सुटे भाग घेऊन कॉम्प्युटर जुळवला. ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावर गर्दी झाली की वीज खाणारा भाग, घेतलं ते दुकानातलं सगळ्यात दांडगं. मग हात कमरेवर ठेवून विचारलं, "वर काय?" दुकानदारानं तासभर नाही म्हटलं आणि शेवटी कंटाळून एक कॅबिनेट दिलं, आत एसएमपीएससकट. एसएमपीएस म्हणजे घरची वीज घेऊन आतल्या सगळ्या भागांना पुरवणारा पत्र्याचा डबा. देताना तो एवढंच म्हणाला, "साहेब, या कार्डाला हा डबा पुरायचा नाही." अभिनव मनात हसला. दुसरा डबा गळ्यात मारायचा डाव न ओळखायला तो काय मार्केट यार्डाबाहेर वाढला होता?

घरी आल्यावर कोंडीरामांनी ती हकीकत दोनदा ऐकली आणि म्हणाले, "शेवटी बोराट्याचं रक्त हाय." मग ती यार्डात सांगितली, हमालांना सांगितली, येईल त्या पाहुण्याला खोलीत नेऊन डबा दाखवला. अभिनवला वडिलांकडून मिळालेली ही पहिली शाबासकी. तो डबा कमी पडतो असं म्हणायचं म्हणजे दुकानदार खरा आणि आपण खुळे, असं आबांना, म्हणजे वडिलांनाच, सांगायचं. त्यापेक्षा गुन्हेगार दुसरीकडे शोधणं बरं.

आधी व्हायरसवर संशय गेला. मग उष्णतेवर, कॅबिनेटचं दार उघडून समोर स्वयंपाकघरातला टेबलफॅन लावला, त्यानं कॉम्प्युटर काही सावरला नाही, पूर्वाला मात्र घामाघूम होऊन स्वयंपाक करावा लागला. मग महावितरणवर. स्टॅबिलायझर आला. मग घरातल्या विजेच्या उपकरणांची चौकशी सुरू झाली. शनिवारी संध्याकाळी मिक्सर बंद, फ्रीज बंद, इस्त्री बंद. कोथिंबिरीची चटणी पाट्यावर वाटताना पूर्वा म्हणाली, "लग्नात आईनं हा पाटा कशाला दिला ते आज कळलं."

उपांत्य सामन्याच्या शनिवारी तर त्यानं कमाल केली. पंप सुरू झाला की व्होल्टेज पडतं, असं सोसायटीच्या सेक्रेटरीला पटवून त्यानं पाण्याचा पंप बंद ठेवायला लावला. नळ कोरडे पडल्यावर खालच्या मजल्यावरच्या शालूकाकू रिकामी बादली घेऊन वर आल्या.

"अहो बोराटे, खडकवासला भरलंय असं पेपरात वाचलं. तुमचं युद्ध संपलं की आम्हाला हात धुवायला मिळतील का?"

"काकू, दहाच मिनिटं."

"सावकाश होऊ द्या. देशाचा प्रश्न आहे," काकू म्हणाल्या आणि बादली दारातच ठेवून गेल्या.

मिक्सर, फ्रीज, इस्त्री, पंप, सगळे बंद असताना कॉम्प्युटर मेला. चौघांनी कसाबसा सामना जिंकला. राजनंदिनीचा फोन आला.

"अभिनव, टू बी फ्रँक, फायनलला असं झालं तर आपण हरतो. मशीन फिक्स कर, नाहीतर मी टेस्टिंगमधल्या सोनबाला घेते."

पुढचा अख्खा आठवडा अभिनव डब्याकडे बघत राहिला. अमेरिकेला पाठवायच्या रिपोर्टात तो नेहमी लिहायचा, की एकेक कारण बाद करत जावं आणि जे उरतं त्याला धरावं. घरात आता एकच कारण उरलं होतं. फायनलच्या दुपारी आबा झोपलेत असं बघून तो निघाला, टिळक रस्त्यावरच्या त्याच दुकानातून भक्कम एसएमपीएस घेतला, मागितले तेवढे पैसे दिले आणि पळत घरी आला. गल्ल्यावर त्या वेळी दुकानदाराचा पोऱ्या होता, एवढंच नशीब.

संध्याकाळी धूर झाला, स्फोट झाले, मिक्सर चालू, पंप चालू, आणि कॉम्प्युटरनं मान टाकली नाही. टीम जिंकली. राजनंदिनीनं पुढच्या मोसमाच्या टीममध्ये त्याचं नाव तिथल्या तिथे पक्कं केलं. पण आनंदाच्या भरात जुना डबा बाल्कनीतच पडून राहिला, आणि रविवारी सकाळी कोंडीराम तो हातात घेऊन उभे.

"ह्यो का काढला?"

अभिनवनं खरं सांगायचं ठरवलं होतं. "आबा, कमी पडत होता. नवा विकत आणला."

कोंडीरामांनी डबा खालीवर करून त्याचं वजन अजमावलं. त्यांचा चेहरा उतरत चालला होता. मग त्यांनी विचारलं, "नव्यावर वर काय दिलं?"

चाळिशीला टेकलेल्या माणसाला अजून बापाची शाबासकी लागते, याची अभिनवला लाज वाटली. पण ती शाबासकी त्याला सोडवेना.

"माउस दिला," तो म्हणाला.

"फुकट?"

"फुकट. ऑफिसात राहिलाय, उद्या आणतो."

स्वयंपाकघरात पूर्वानं मिक्सर थांबवला, नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा चालू केला. कोंडीराम खुशीत चप्पल घालून यार्डाकडे निघाले. तिथे कोणी ना कोणी ऐकायला असतंच.

सोमवारी कंपनीच्या बसमधून उतरून अभिनव तडक दुकानात गेला आणि त्यानं एक चांगलासा माउस मागितला. त्याला बघून दुकानदारानं आधीच हात जोडले.

"वाद नको, साहेब. कमी करूनच लावतो. वर पॅडही घ्या."

"नको," अभिनव म्हणाला. "पॅड नको. छापील किंमत घ्या."

त्यानं नोट पुढे केली. दुकानदारानं ती दिव्यासमोर धरली आणि खरी आहे ना, ते नीट तपासून घेतलं.