भाऊ गेला तेव्हा आम्ही पर्थला होतो

माझ्या निवृत्तीला दीडेक वर्ष उरलं असताना आम्ही दोघं नवरा-बायको ऑस्ट्रेलियात पर्थला राहायला गेलो. फिरायला नव्हे, राहून पाहायला. मुलगी तिथे नर्स आहे. तिचं म्हणणं होतं, साठलेली रजा घ्या, काही महिने नीट राहा आणि मग पुढचं आयुष्य कुठे काढायचं ते ठरवा.

खरं कारण बायकोचा दमा होता. आमचा सगळा संसार चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या वसाहतीत, ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये झाला. मी कोळशाच्या बेल्टवर फोरमन होतो. दोरीवरच्या वाळलेल्या धुण्यावरची राख झटकूनच ते घरात आणायचं, ही तिथल्या सगळ्याच बायकांची सवय. अलीकडे मात्र बायको धुणं झटकतानाच खाली बसायची. डॉक्टरांनी औषधं दिली, पंप दिला. दमा कशानं झाला ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. विचारून जायचं कुठे होतं?

पर्थला समुद्रावरून वारा येतो. पहिले काही दिवस ती मुलीच्या हाताला धरून चालली. मग एकटी चालू लागली आणि महिना-दोन महिन्यांनी माझ्या पुढे. पंप पिशवीत पडून असायचा. लग्न झालं तेव्हा ती गुणगुणत पोळ्या लाटायची, ते मी विसरून गेलो होतो. तिथे ते पुन्हा ऐकलं.

माझं मात्र मन लागेना. मुलगी कामावर गेली की रस्त्यावर माणूस दिसत नसे. मी बसथांब्यावर जाऊन बसायचो. ड्रायव्हर बस थांबवायचा, मी हातानंच नको म्हणायचो. दिवसभरात बोलणं व्हायचं ते मोठ्या भावाशी, फोनवर. तो नागभीडजवळच्या आमच्या गावात धानाची शेती करायचा. मी आयटीआयला असताना सायकलवर तांदळाचं पोतं बांधून चंद्रपूरपर्यंत यायचा. तो फोन उभ्या धानासमोर धरायचा आणि म्हणायचा, "पाह्य, औंदा धान कसं लोंबून राह्यलं." जंगलाकडच्या बांधीजवळ, म्हणजे धानाच्या तुकड्याजवळ, वाघ दिसतो, हेही त्यानं एकदा सांगितलं होतं, पण पाऊस कमी झाला हे सांगावं तितक्याच सहज. आमच्याकडे वाघ सगळ्यांच्याच शेताजवळ दिसतो.

धान कापणीच्या दिवसांतली गोष्ट. पर्थला संध्याकाळचं जेवण चाललं होतं आणि पुतण्याचा फोन आला. तो म्हणाला, "काका, बाबाले वाघानं नेलं."

भाऊ सकाळी जंगलाकडच्या बांधीत बैलांसाठी गवत कापायला गेला होता. दुपार झाली तरी आला नाही म्हणून लोक शोधायला गेले. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, विळा सापडला, आणि पुढे झुडपात तो. मी पुतण्याला विचारलं, ओळखू येतो का. तो म्हणाला, "पायावरून ओळखलं." त्याबद्दल मी आजवर वहिनीला काही विचारलेलं नाही.

मी कसाही निघालो असतो तरी वेळेवर पोहोचलो नसतो. दुसऱ्या दिवशी शवविच्छेदन झालं आणि दुपारी गावानं त्याला नेलं. पुतण्याच्या मित्रानं फोन वर धरला होता. आम्ही तिघं मुलीच्या बाल्कनीत हात जोडून उभे राहिलो. तिकडे त्रिशरण-पंचशील सुरू झालं, तसं आम्हीही म्हणू लागलो. आवाज तुटत होता, त्यामुळे आमचं कधी पुढे जायचं, कधी मागे पडायचं. चितेवरचं गाठोडं फारच लहान दिसत होतं. मुलीनं ते पाहिलं आणि ती आत निघून गेली.

मी परतीचं तिकीट काढायला सांगितलं तेव्हा दोघांचं, असं म्हणायची गरज मला वाटलीच नव्हती. बायको स्वयंपाकघरात उभी होती. तिथूनच म्हणाली, "तुमी जा. मी नाई येत."

मला वाटलं, दिवस झाल्यावर येईन म्हणते. मी तसं म्हणालो.

"नाई. मंग बी नाई," ती म्हणाली. "भाऊजीसाठी मले बी रडू येते. पण इथी मले श्वास घेता येते. तिथी येऊन मी तुमच्या डोळ्यांसमोर मरीन, तवा काय कराल तुमी?"

मला राग आला होता, आणि ती खरं बोलते आहे हेही कळत होतं. मी एकटा निघालो.

गावात भावाचं अर्धं धान उभंच होतं. मजूर यायला तयार नव्हते. वाघ हुसकायला वनखात्याची माणसं फटाके फोडत होती आणि आम्ही घरचीच माणसं घोळक्यानं वाकून कापत होतो. पुतण्या धुऱ्यावर आलाच नाही. पुढच्या उन्हाळ्यात तो कामाला हैदराबादेला गेला. वहिनी मला म्हणाली, तुमच्या बाईला तिथंच राहू द्या, इथे आणू नका.

नोकरी संपल्यावर मी क्वार्टर सोडलं आणि गावात भावाच्या घरामागे एक खोली बांधली. वहिनी एकटी राहू शकत नव्हती आणि शेत सोडून जायला तयार नव्हती. मुलीनं आईच्या मुक्कामाची मुदत वाढवून घेतली. मी मध्ये महिनाभर पर्थला जाऊन आलो. बायको बरी आहे. अंगानं भरली आहे. आम्ही समुद्रावर चाललो, पण गावाचा विषय दोघांनीही काढला नाही. निघताना तिनं मला स्वेटर घालून दिला आणि कॉलर नीट केली. लोक विचारतात, तुमचं भांडण झालं का. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं.

यंदा बाकीचं शेत अर्ध्या वाट्यानं दिलं आहे. जंगलाकडची बांधी घ्यायला कुणीच तयार झालं नाही. तिथे आता कमरेएवढं गवत वाढलं आहे.