सीटच्या अस्तरावरची तारीख

त्यांना सगळे उसवे म्हणत. ते काही त्यांचं आडनाव नव्हे. गाड्यांच्या सीट शिवून देणं हा त्यांचा एकेचाळीस वर्षांचा धंदा. दुसऱ्या कुणी शिवलेली सीट दुरुस्तीला आली, की भाव सांगण्याआधी ते कोपऱ्यातली शिवण दोन बोटं उसवून आत बघत. वरून झकास दिसणाऱ्या रेक्झिनखाली लोक काय काय कोंबतात ते त्यांना पाठ होतं. जुनी पोती, खोक्यांचे पुठ्ठे, एकदा तर कुणाची तरी लोकरीची पँट. "आधी आत बघू, मग बोलू," असं म्हणून ते चष्मा नाकावर सरकवत.

त्यांची आणखी एक सवय होती. सीट बंद करण्याआधी अस्तरावर आतल्या बाजूने पेन्सिलीने तारीख घालायची आणि काय काम केलं ते दोन शब्दांत लिहायचं. पुढे कधी कुणी कारागिराने ती सीट उघडली तर त्याला कळावं, एवढ्याचसाठी. गिऱ्हाइकाला त्याचा पत्ताही नसे.

फोमचे आणि रेक्झिनचे गठ्ठे वाहायला त्यांच्याकडे एक जुनी व्हॅन होती. तिचा विमा शनिवारी संपत होता. विमा नसलेली गाडी रस्त्यावर काढणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, म्हणजे शनिवारनंतर दुकान बंद. कंपनीचं पत्र आलं ते बघून त्यांचं डोकंच फिरलं. रक्कम जवळजवळ दुप्पट. इतकी वर्षं एकदाही भरपाई न मागितल्याची जी सूट मिळत होती, तिचा पत्रात उल्लेखसुद्धा नाही. फोन केला तर पलीकडची बाई म्हणाली, "सिस्टीमनेच तसं काढलंय."

"सिस्टीमला गाडी चालवायला लावा मग," असं म्हणून उसव्यांनी फोन ठेवला.

त्या शनिवारच्या आधीच्या रविवारी त्यांची भाची लॅपटॉप घेऊन आली. ती छापखान्यात काम करायची. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तिने पाच कंपन्यांची कोटेशनं मागवली. फॉर्म भरताना तिने विचारलं, "मामा, मागच्या तीन वर्षांत क्लेम घेतलाय?"

"कधीच नाही. ठळक अक्षरांत लिही."

"ठळक लिहायची सोय नाही. नुसतं 'नाही' आहे."

पाचही कोटेशनं तिने छापून आणली. उसव्यांनी प्रत्येकाचं शेवटचं पान आधी काढलं. सगळ्यांत स्वस्त कंपनीने व्हॅनची किंमत भंगाराएवढी धरली होती. चोरीला गेली असती तर हातात चार चाकांचे पैसे आले असते. दुसरीने काचा वगळल्या होत्या. तिसरीत अपघात झाला की पहिला मोठा खर्च मालकानेच करायचा.

"वरून रेक्झिन, आतून पुठ्ठा," ते म्हणाले. चौथीचे कागद त्यांनी दोनदा वाचले आणि म्हणाले, "ही बरी आहे. हिची शिवण सरळ आहे."

पैसे भरले. बुधवारी त्या चौथ्या कंपनीचा फोन आला. आवाज गोड होता. "सर, तुमच्या नावावर दोन वर्षांपूर्वीचा एक क्लेम दिसतोय. तुम्ही खोटी माहिती दिलीत. पॉलिसी रद्द करावी लागेल."

उसव्यांनी कात्री खाली ठेवली. भाव जास्त म्हणा, गाडी जुनी म्हणा, ते ऐकून घेतलं असतं. पण खोटी माहिती? इतक्या वर्षांत कुणा गिऱ्हाइकाने त्यांना असं म्हटलं नव्हतं.

"कसला क्लेम?"

"ड्रायव्हरची सीट. नुकसान."

तेव्हा आठवलं. चोराने व्हॅनचं दार उघडलं होतं, आत काही मिळालं नाही म्हणून रागाने सीट फाडून गेला होता. उसव्यांनी आपल्या जुन्या कंपनीला फोन करून नुसतं विचारलं होतं, असलं नुकसान विम्यात बसतं का? तिकडून गाडीचा नंबर विचारला, तारीख विचारली, आणि माणूस पाहणीला पाठवतो म्हणाले. उसवे हसले होते. "अहो, सीट शिवणं हाच माझा धंदा. तुमचा माणूस येईपर्यंत माझी शिवून होईल." आणि दुपारपर्यंत शिवलीही होती. त्या एका चौकशीचा जुन्या कंपनीने क्लेम करून ठेवला होता.

गुरुवारी सकाळी त्यांनी चार बोल्ट काढून ड्रायव्हरची सीट व्हॅनमधून उतरवली. बायको दारात उभी होती.

"अहो, सीट घेऊन विमा कंपनीत जाणारा माणूस मी आजवर बघितला नाही. आणि नेमकी त्याच्याशीच लग्न करून बसले."

"तू येऊ नकोस."

"मग दुसरं टोक कोण धरणार?"

बसमध्ये कंडक्टर म्हणाला, या सामानाचं तिकीट लागेल. बायको म्हणाली, "आमची सीट आम्ही घरून आणलीय. तुम्हीच पैसे कमी करा." कंडक्टर हसला, पण तिकीट फाडलंच.

जुन्या कंपनीच्या कचेरीत काउंटरवर एक तरुण बसला होता. त्याने पडद्यावर बघितलं. "काका, क्लेम तर आहे."

"मला पैसे किती दिले?"

"शून्य."

"पाहणीला कोण आलं?"

"कुणी आलेलं दिसत नाही."

"मी सही कुठे केली?"

"सही नाहीये."

"मग हा क्लेम कसला?"

"नोंदला गेलाय ना, काका."

उसव्यांनी सीट आडवी केली, खिशातून ब्लेड काढलं आणि तिथेच फरशीवर बसून शिवण उसवायला लागले. रांगेतले लोक पुढे सरकून बघू लागले. अस्तर उलटं केलं तर पेन्सिलीची अक्षरं जशीच्या तशी होती: फोन केला त्याच दिवसाची तारीख, आणि खाली 'चोराने फाडली. आपली आपण शिवली.'

"तुमच्या पडद्यावरची तारीख वाचा," उसवे म्हणाले. "आणि ही वाचा."

तरुणाने दोन्ही वाचल्या. मग हळूच म्हणाला, "पण काका, हे काही डॉक्युमेंट नाही."

"तुमचं आहे? ज्यात सही नाही, पैसे नाहीत, माणूस नाही, ते डॉक्युमेंट? आणि त्याच्या जोरावर गावभर मला खोटारडा ठरवता?"

आवाज ऐकून आतून साहेब आले. त्यांनी सीट बघितली, उसव्यांच्या बायकोला खुर्ची दिली आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "काका, तुम्ही आमचे जुने ग्राहक. यंदा तुमची सूट मी खास माझ्या अधिकारात देतो. विषय संपला."

"आणि नोंद?"

"ती राहू दे. तुम्हाला काय फरक पडतो? पैसे तर वाचले."

उसव्यांनी ब्लेड खिशात ठेवलं. "साहेब, मी चूक केली असती तर सूट घेतली असती. मी केली नाही. सूट नको. चौकशी होती, क्लेम नव्हता, असं लेखी द्या."

"त्याला वेळ लागेल. वरून मंजुरी लागते."

"लागू दे," असं म्हणून उसवे तिथेच आपल्या सीटवर बसले. अर्धी उसवलेली, फोम बाहेर आलेली सीट, काउंटरच्या बरोबर समोर. येणाऱ्या प्रत्येकाला वळसा घालून जावं लागत होतं आणि प्रत्येक जण विचारत होता, हे काय आहे. बायको सगळ्यांना पहिल्यापासून सांगत होती, आणि दर वेळी चोर थोडा अधिक दांडगा होत होता.

वरची मंजुरी पावणेचारला आली. साहेबांनी शिक्का मारून पत्र हातात दिलं आणि विचारलं, "मग काका, पॉलिसी आमच्याकडेच ना?"

उसव्यांनी आधी पत्राची मागची बाजू बघितली. ती कोरी होती. मग म्हणाले, "नाही."

शुक्रवारी भाचीने ते पत्र चौथ्या कंपनीला पाठवलं आणि पॉलिसी पूर्ववत झाली. त्या कंपनीने माफी मात्र मागितली नाही. त्याचा राग उसव्यांना अजून आहे.

संध्याकाळी त्यांनी सीट शिवायला घेतली. आधीच्या ओळीखाली नवी तारीख घातली आणि लिहिलं, 'विमा कंपनीत उसवली. चूक त्यांची.'

"हे कोण वाचणार आहे?" बायकोने विचारलं.

"जो उघडेल तो," उसवे म्हणाले, आणि दाभणात दोरा ओवू लागले.