आत्याची शेळी आणि माझी शांतता

अहमदपूरच्या वाचनालयात बावीस वर्षं ग्रंथपाल असल्यामुळे मला एकच वाक्य उत्तम येतं : शांतता राखा.

यंदा तालुक्यातल्या शाळा आणि वाचनालयांनी मिळून गोष्टींचा महोत्सव भरवला. एक दिवस आमच्याकडे होता. लातूरहून यायचे कथाकार ऐनवेळी आजारी पडले. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, "जमत नसेल तर सांगा, दुसऱ्या वाचनालयाला देऊ. पुढच्या वर्षीचंही तिकडंच!" म्हणजे वाचनालयाची अब्रू माझ्या हातात! मी छाती फुगवून म्हणालो, "आमच्या आत्याला आणतो. उमरीची आहे. तिच्या गोष्टी ऐकताना अख्खी गल्ली जेवण विसरायची!" (तिची शेवटची गोष्ट मी चाळीस वर्षांपूर्वी ऐकली होती, हे सांगितलं नाही.)

आत्या गुडघे दाखवायला आमच्याकडेच आली होती. लगेच तयार झाली, नवं लुगडं नेसून बसली. मीही तयारीला लागलो. दीडशे पोरांना रांगेत बसवून तोंडावर बोट ठेवायला लावलं. "आत्याबाई बोलताना चकार शब्द काढायचा नाही! आवाज काढील तो बाहेर!"

आत्यानं माईक धरला. "एक व्हती शेळी. तिला यष्टीत बसून उमरीला, माहेरी जायाचं व्हतं." आणि थांबली.

पोरं गप्प. आत्या गप्प. पंखा तेवढा कुरकुरत होता.

विसरली! मी पुढं सरकून कुजबुजलो, "शेळी स्टँडवर गेली, आत्या."

"मला ठावं हाय की! सरक तिकडं!"

"शेळी गेली स्टँडवर," आत्या म्हणाली. पुन्हा थांबली. मी पाणी दिलं. माईक बिघडला असेल म्हणून त्याची मान पिरगाळली, तर तो असा किंचाळला की पहिल्या रांगेनं एका हातानं कान झाकला. (दुसऱ्या हाताचं बोट तोंडावरच! शिस्त म्हणजे शिस्त!)

शेवटी गोष्ट मीच हातात घेतली. "तर मुलांनो, शेळी हा एक पाळीव प्राणी आहे..." दोन मिनिटांत मी चारा, दूध आणि लसीकरणापर्यंत पोचलो. शेळी स्टँडवरच राहिली. मुख्याध्यापिका घड्याळ बघू लागल्या.

आत्यानं पिशवी उचलली. "दिगू, मी चालले. भिताडाला गोष्ट कोन सांगल?"

तेवढ्यात आत्याला घेऊन आलेली माझी बायको मागच्या बाकावरून जोरात म्हणाली, "हूं!"

आणि बावीस वर्षांच्या सवयीनं मी माईकवरून, सगळ्यांदेखत, तिला म्हणालो, "शूऽऽऽ!" (हे धाडस मी घरी कधीच केलेलं नाही.)

आत्या कडाडली, "तू गप ऱ्हा! ती एकलीच शहानी हाय हितं! गोष्टीला हूं म्हनाया लागतंय. हूं आला न्हाई तर सांगनाराला कसं कळावं, लेकरं जागी हायती का झोपली?"

तेव्हा मला आठवलं. लहानपणी तिच्या गोष्टीला हूं म्हणायचं काम माझंच होतं! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पोरांनो, बोटं काढा! हूं म्हणा!" कोणी हलेना. त्यांना वाटलं, सर परीक्षा बघून राहिले. शेवटी मीच त्यांच्यात जमिनीवर मांडी घातली. आत्या म्हणाली, "शेळी गेली स्टँडवर."

मी ओरडलो, "हूं!"

एक चिमुरडी खुदकन हसली आणि म्हणाली, "हूं!" मग दहा जण, मग दीडशे! कंडक्टरनं शेळीला अर्धं तिकीट दिलं. "हूं!" शेळीनं ते तिथंच खाल्लं. "हूंऽऽऽ!" तावदानं हादरली. काय झालं बघायला समोरचे दुकानदार धावत आले आणि दारात उभे राहून तेही हूं म्हणू लागले. शेळी उमरीला पोचली तेव्हा टाळ्या थांबेनात. आणखी दोन गोष्टी झाल्याशिवाय पोरांनी आत्याला उठू दिलं नाही. 'शांतता राखा'च्या पाटीखाली एवढा कल्ला कधी झाला नव्हता, आणि मला एवढा आनंदही कधी झाला नव्हता.

"पुढच्या वर्षीही इथंच!" मुख्याध्यापिकांनी जाहीर केलं आणि पत्रिकेचा मसुदाही लिहून दिला. वर ठळक अक्षरांत आत्याचं नाव. खाली बारीक अक्षरांत माझं : 'हूं म्हणणारे, ग्रंथपाल.'

तो कागद मी ऐटीत बायकोला दाखवला. तिनं तो वाचला, घडी घातली आणि म्हणाली, "पंचवीस वर्षं मी बोलून राहिले. घरात एकदा तरी म्हणलात का?"

मी म्हणालो, "हूं."