गाऱ्हाण्यातली गाळलेली ओळ

नोकरी संपली, पण एक केस माझ्याबरोबर घरी आली. ऐंशीच्या दशकातली, राजापूर तालुक्यातल्या एका बंदरावरची. मी देशावरचा, रत्नागिरी जिल्ह्यात नवाच फौजदार.

बंदरावर गावाची मासळी सुकवण्याची जागा होती. तिला एका ठेकेदाराने कुंपण घातलं. तंटा वाढला म्हणून जमावबंदी लागली. सभा, भाषण, घोषणा, सगळ्याला मनाई. खबऱ्याने सांगितलं, "साहेब, सकाळी गावचा म्हातारा मानकरी लोकांना भडकवणार."

आम्ही पोहोचलो तेव्हा म्हातारा कुंपणापुढे नारळ धरून उभा होता. आवाज खणखणीत. "बा देवा म्हाराजा, ही जागा सगळ्यांची. ती जो गिळील, त्याचं तळपट कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं बंदर एका सुरात म्हणालं. मागे जाळी दुरुस्त करणारे मुसलमान खलाशीसुद्धा. अंगावर काटा आला माझ्या. पण मला ती घोषणाच वाटली. उचललं म्हाताऱ्याला.

ठाण्यात दरडावलं, "तळपट म्हणजे काय करणार होतास? कोण कोण सामील?"

"करणारा तो वरचा. मी फक्त सांगितलं. तुमी मधी कशाला ऐकलात, सायबानू?"

माझा हवालदार तिथलाच. तोंड फिरवून हसला, मग हळूच म्हणाला, "साहेब, हे गाऱ्हाणं. देवापुढे असंच घालतात. त्यात शाप असतोच."

मला कळलं. पण ठेकेदाराची वरपर्यंत ओळख होती. धमकीचा गुन्हा तसाच ठेवला.

कोर्टात मॅजिस्ट्रेट म्हणाले, "आरोपी नेमकं काय बोलला, वाचा." मी वाचलं. 'तळपट कर रे म्हाराजा'पर्यंत आलो, आणि मागच्या बाकांवरून, निव्वळ सवयीने, आवाज घुमला, "व्हय म्हाराजा!" त्यात दाराशी उभा असलेला कोर्टाचा शिपाईही होता.

मॅजिस्ट्रेट हसले नाहीत. "फौजदार, बोलण्याच्या हक्काला घटनेने मर्यादा घातल्या आहेत. दंगा पेटणार असेल तर जरूर अडवा. पण तेच शब्द आता तुम्हीही बोललात. दंगा कुठे झाला?" म्हाताऱ्याला सोडून दिलं.

आता, जे आजवर कोणाला सांगितलं नाही ते. बंदरावर शापानंतर म्हातारा आणखी एक ओळ बोलला होता: "नि हा फौजदार पोटासाठी आलाय, त्याच्या लेकराबाळांना सुखी ठेव." तिलाही लोकांनी तेवढाच जोरात होकार दिला होता. केस कमकुवत होईल म्हणून मी ती फिर्यादीत घेतलीच नाही. बोलणं रोखण्याचा अधिकार मला कायद्याने दिला होता. अर्धं ऐकण्याचा नव्हता.

कोर्टाच्या पायऱ्यांवर म्हाताऱ्याने मला गाठलं. "सायबानू, तुमच्या वाट्याचं वाचायचं राहिलं हां."

मी मान खाली घातली.

"ऱ्हावं दे," तो म्हणाला. "ज्यानं ऐकायचं, त्यानं ऐकलंय."